आइला पुढे येऊन बसते

बावीस वर्षं तिने आमच्या पाठी पाहिल्या.
मार्टीच्या शर्टावर घामाचा नकाशा
कुठून सुरू होतो, कितव्या गाण्याला कमरेपाशी पोचतो,
सूर बदलण्याआधी माझा डावा खांदा
कसा किंचित वर जातो,
हे जगात फक्त तिलाच ठाऊक.

आम्हाला तिचं काय ठाऊक होतं?
पायाचा धक्का. तो छातीत बसायचा.
आणि प्रत्येक गाण्याआधी चार शब्द:
यूक्स, काक्स, कोल, नेल.
धड आकडेही नव्हेत, आकड्यांची टरफलं,
काठीवर काठी आपटत फेकलेली.
बावीस वर्षांत स्टेजवर ती एवढंच बोलली.

आज ओउलूत, नोव्हेंबरात,
दुपारी तीनलाच दिवसाने शटर ओढल्यावर,
बंदराजवळच्या एका कॅफेत
ती पुढे येऊन बसलीय.
माणसं एकतीस. मी मोजली.
बास वाजवणारा मोजतोच, खोड आहे ती.
तिला दिसू नये म्हणून
कोटांच्या खुंट्यांपाशी उभा राहिलो
आणि तिने मान वर करताच
सापडलो.

गिटार तिच्या मांडीवर अवघडून बसलीय,
शेजारणीच्या लेकरासारखी.
बोटांच्या टोकांना तारांचे नवे घट्टे,
तळव्याला काठ्यांचे जुने,
एकाच हाताला दोन नोकऱ्या.
समोर कुणाची पाठ नाही. झांजांचा आडोसा नाही.
डोळे कुठे ठेवावेत तिला कळेना,
शेवटी खिडकीबाहेर
हिवाळ्यासाठी ताडपत्रीत गुंडाळलेल्या
एका बोटीवर ठेवले.

आवाज?
आवाज काही फार मोठा नाही.
रात्रपाळीहून आलेल्या बाईने
पोरं उठू नयेत म्हणून
स्वयंपाकघरात बोलावं, तेवढा.
गाणंही तिच्या आईचंच निघालं:
कागदाच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं,
केसांत उकडलेल्या कोबीचा वास,
सगळं गाव त्याला पैशाचा वास म्हणायचं,
आणि आई शनिवारी सौनात
तीनतीनदा केस धुवायची.
इतका कागद केलास, आई,
मला एक पत्र लिहिलं नाहीस.

इथे माझा पाय हलला.
कारण त्या ओळीनंतर ठोका पडायला हवा होता,
जड, एकच.
तिने त्याची जागा सोडली होती,
झाडून पुसून,
उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं तशी.
लोक कॉफी ढवळत होते.

तिसऱ्या गाण्यात शब्द विसरली.
थांबली. फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.
कुणीतरी खोकलं, मग खोकल्याची लाज वाटून
पुन्हा खोकलं.
तिने मान खाली घातली,
गिटारच्या लाकडावर बोट आपटलं:
यूक्स, काक्स, कोल, नेल.
लोक हसले, त्यांना वाटलं गाण्यातलंच आहे.
मी बासच नसलेल्या पट्ट्याशी हात नेला.
नेलनंतर आम्ही असायचो ना,
तिघांचा दणका, दिवे, धूर.
आज नेलनंतर
बराच वेळ काहीच नव्हतं
आणि मग तिचा शब्द आला, जरा घोगरा,
चुकीच्या कडव्यातला,
तरी तिने तोच पुढे नेला.

नंतर बाहेर, बर्फाचा चिखल तुडवत,
तिने सिगारेट मागितली.
मी सोडून चार वर्षं झाली, तिलाही माहीत आहे.
कसं झालं, विचारलं नाही.
म्हणाली, "लय?"
"तिसऱ्यात पळालीस."
"तू असतास तर धरलं असतंस."
"छे. तुझ्याच मागे पळालो असतो.
कळलंही नसतं."
मार्टी आला नव्हता. त्याचं नाव निघालं नाही.

पेटी उचलायला मी वाकलो.
ड्रम्सच्या सात पेट्या आम्ही चौघं वाहायचो,
जिना असला की तिच्या नावाने शिव्या घालत.
"राहू दे," म्हणाली, एका हाताने उचलली,
चार पावलं गेली, थांबली.
दुसऱ्या हाताचं काय करायचं असतं
तिला आठवेना.
शेवटी त्याला हातमोजा घातला.